विश्लेषण : बांधकाम कोसळण्याआधी इशारा देते, मग तो ऐकला का जात नाही?

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी दुपारी कोसळला. अनावरणाला नऊ महिनेही पूर्ण झाले नव्हते. त्यानंतर मोर्चे निघाले, पंतप्रधानांनी माफी मागितली, गुन्हे दाखल झाले, अटक झाली आणि नवा पुतळाही उभा राहिला. या गदारोळात एक मुद्दा मात्र मागे पडला. पुतळ्याचे नट-बोल्ट गंजत असल्याचे सहा दिवस आधीच सरकारी कागदावर आले होते. बिघाड कुणाला दिसलाच नाही, असे झाले नव्हते. तो दिसला, लिहिला गेला, पाठवलाही गेला. पुढे काय करायचे, हे मात्र ठरलेले नव्हते. बांधकामांच्या प्रकृतीवर सतत नजर ठेवणे, म्हणजेच ‘स्ट्रक्चरल हेल्थ मॉनिटरिंग’, हे शास्त्र नेमके याच प्रश्नाभोवती उभे आहे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक पुलाला, जेट्टीला, इमारतीला आणि घराला ते लागू पडते.

राजकोटवर नेमके काय घडले?

नौदल दिनाच्या निमित्ताने ४ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते या पुतळ्याचे अनावरण झाले. काम नौदलामार्फत झाले आणि निधी राज्य सरकारने दिला. पुतळा उभा राहिल्यावर पहिलाच पावसाळा आला. २० ऑगस्ट २०२४ रोजी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मालवणमधील अभियंत्याने नौदलाच्या संबंधित अधिकाऱ्याला पत्र लिहिले. जूनमध्ये शिल्पकाराने डागडुजी केली होती, तरीही पाऊस आणि खाऱ्या वाऱ्यामुळे नट-बोल्टना पुन्हा गंज चढत आहे, पुतळा विद्रूप दिसत आहे, तेव्हा कायमस्वरूपी उपाय करावेत, असा त्या पत्राचा आशय होता. सहाव्या दिवशी पुतळा पडला.

तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी ताशी ४५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याकडे बोट दाखवले. भारतीय मानकात मालवणपासून जवळच असलेल्या पणजीसाठी बांधकामाच्या हिशेबात धरायचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर आहे. किनाऱ्यावर उभारलेल्या कोणत्याही बांधकामाने ४५ किलोमीटरचा वारा वर्षातून कित्येकदा सोसायचाच असतो. मे २०२१ मधील तौक्ते वादळ सिंधुदुर्गकर विसरलेले नाहीत. त्यामुळे वारा हे फार तर निमित्त होते. सरकारने नेमलेल्या तांत्रिक समितीच्या अहवालाबाबत सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या बातम्यांतही गंज, देखभालीचा अभाव, सांगाड्याच्या रचनेतील दोष आणि सदोष वेल्डिंग हीच कारणे पुढे आली.

पत्र सहा दिवस आधी लिहिले गेले, याचा अर्थ त्याच दिवशी धोका सुरू झाला असा नाही. सांगाड्यात आणि जोडांत मूळचे दोष असतील, तर ते अनावरणाच्या दिवशीही होतेच. पावसाळ्याने ते वाढवले. त्यातला एक भाग बाहेरून दिसू लागला, तो म्हणजे गंज. आतल्या सांगाड्याचे काय चालले आहे, हे बाहेरून दिसणे शक्य नव्हते. पत्रातही गंजाची तक्रार विद्रूपपणाच्या अंगाने आली. पुतळा पडू शकतो, आवार रिकामे करा, असे त्यात नव्हते. ही एका अभियंत्याची चूक मानून सोडून देता येणार नाही. कोणते लक्षण केवळ दिसायला वाईट आणि कोणते जिवावरचे, हे ठरवण्याची पद्धतच तिथे नव्हती.

किनाऱ्यावर बांधकाम लवकर का खराब होते?

समुद्राची हवा लोखंडाला मानवत नाही, हे कोकणात लहान मुलालाही ठाऊक असते. खिडकीचे गज, सायकल, पंपाची मोटर, गेटच्या बिजागऱ्या सगळे घाटावरच्या मानाने लवकर गंजते. तेच काँक्रीटच्या आतल्या सळयांचेही होते. फरक इतकाच की ते दिसत नाही.

चांगले काँक्रीट अल्कधर्मी असते. त्यामुळे सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि तोवर गंज धरत नाही. हवेतून, फवाऱ्यातून किंवा मिश्रणातूनच आलेले मिठाचे क्लोराइड हळूहळू सळईपर्यंत पोहोचते आणि हा थर फोडते. त्यानंतर गंज सुरू होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असते. आतून फुगणारी सळई बाहेरच्या काँक्रीटला रेटते, सळईच्या रेषेत भेग पडते, त्या भेगेतून आणखी खारे पाणी आत जाते आणि मग स्लॅबचे पोपडे पडू लागतात. घरात पोपडा पडतो तेव्हा दुखणे नुकतेच सुरू झाले असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात ते काही वर्षे अंगावर काढलेले असते.

म्हणूनच काँक्रीटच्या कामासाठीचे भारतीय मानक, आयएस ४५६, परिसरानुसार पाच वर्ग करते. सौम्य हवामानात सळईवर २० मिलिमीटरचे आवरण चालते. किनारी हवेत ते ४५ मिलिमीटर हवे, समुद्राचे तुषार थेट बसत असतील तर ५०, आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ७५. काँक्रीटची किमान प्रतही त्याच क्रमाने एम २० पासून एम ४० पर्यंत चढत जाते. किनाऱ्यावरचे घर आतल्या गावातल्या घराच्या मापाने बांधले, तर ते पहिल्या दिवसापासूनच कमी आयुष्याचे असते. त्यात खाडीची न धुतलेली वाळू वापरली, तर मीठ बाहेरून यायचीही गरज उरत नाही. ते सुरुवातीपासून आतच असते.

राजकोटचा पुतळा काँक्रीटचा नव्हता, धातूचा होता. तिथे आणखी एक धोका असतो. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असतील आणि मध्ये खारे पाणी असेल, तर तिथे एक छोटी विद्युतघटमाला तयार होते आणि त्यातला दुबळा धातू झपाट्याने झिजतो. कांस्य आणि साधे पोलाद एकत्र आले, तर झिजते ते पोलाद. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे हेच झाले. १८८६ मध्ये उभारलेल्या त्या पुतळ्यावर तांब्याचे पत्रे आणि आत लोखंडी सांगाडा होता. दोन्हींच्या मध्ये घातलेले विलगक आवरण कालांतराने निकामी झाले आणि लोखंड गंजून फुगले. १९८६ मधील शताब्दीपूर्वी झालेल्या मोठ्या दुरुस्तीत आतल्या लोखंडी पट्ट्या काढून गंजरोधक पोलादाच्या बसवाव्या लागल्या. तो पुतळा पडला नाही, कारण त्याच्या पोटात माणसाला शिरता येत होते आणि कुणीतरी शिरून पाहिले.

मॉनिटरिंग आणि स्ट्रक्चरल ऑडिट यांत फरक काय?

स्ट्रक्चरल ऑडिट म्हणजे ठरावीक काळाने केलेली सखोल तपासणी. माणसाच्या भाषेत सांगायचे तर पाच वर्षांनी केलेली संपूर्ण वैद्यकीय चाचणी. मॉनिटरिंग म्हणजे रोज किंवा सतत मोजला जाणारा रक्तदाब. दोन्ही लागतात आणि एकाचे काम दुसऱ्याने भागत नाही.

ऑडिटमध्ये अभियंता आधी डोळ्यांनी पाहतो. मग हातोडीच्या आकाराच्या उपकरणाने काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा तपासतो. स्वनातीत लहरी एका बाजूने सोडून दुसऱ्या बाजूला किती वेगाने पोहोचतात, हे मोजतो. तो वेग सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट उत्तम, साडेतीन ते साडेचार असेल तर चांगले आणि तीनच्या खाली गेला तर शंकास्पद, असे भारतीय मानकाचे कोष्टक सांगत आले आहे. सळई गंजते आहे का, हे काँक्रीट न फोडताही कळू शकते. पृष्ठभागावर एक विद्युतअग्र टेकवून सळईचे विभव मोजतात. ते उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली असेल, तर आत गंज सुरू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक धरली जाते. शंका उरली तर काँक्रीटचा गाभा कापून प्रयोगशाळेत पाठवतात.

मॉनिटरिंगमध्ये उपकरणे बांधकामावर मुक्कामाला असतात. भेग रुंदावते आहे का, खांब कलतो आहे का, पाया खचतो आहे का, तुळईवर किती ताण येतो आहे, हे ती नोंदवत राहतात. यातली सर्वात उपयोगी कल्पना कंपनांची आहे. बाजारात माठ घेताना बोटाने वाजवून पाहतात. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे. प्रत्येक पुलाला, इमारतीला, पुतळ्याला स्वतःची एक नैसर्गिक कंपनसंख्या असते. वारा, वाहने किंवा लाटा त्याला सतत वाजवतच असतात. त्यावर बसवलेला संवेदक हा नाद ऐकत राहतो. जोड सैल झाला, सांगाडा कमकुवत झाला की नाद बदलतो. तो का बदलला, हे उपकरण सांगत नाही. ते शोधायला माणूसच लागतो. पण जाऊन पाहण्याची वेळ झाली, हे त्यातून कळते.

या तंत्राच्या मर्यादाही आहेत. तापमान आणि ओल यांमुळेही कंपनसंख्या थोडी बदलते, त्यामुळे किमान एक वर्षाची नोंद असल्याशिवाय नेहमीचे काय आणि वेगळे काय, हे ठरत नाही. किनाऱ्यावर संवेदकही गंजतात, वायरी तुटतात, बॅटरी संपते. आणि मुळातच चुकीच्या आराखड्याला कोणतेही उपकरण बरोबर करू शकत नाही.

महाराष्ट्रात याचा अनुभव आहे का?

आहे, आणि तो सुमारे सहा दशकांचा आहे. सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे कोयना धरणाच्या अंगात भूकंपाचे धक्के मोजणारे उपकरण बसवलेले होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त करणारा भूकंप झाला, तेव्हा १०३ मीटर उंचीच्या या धरणाला कसा आणि किती हिसका बसला, याची प्रत्यक्ष नोंद मिळाली. धरणाच्या उंच भागांत, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो त्या पातळीजवळ, भेगा पडल्या होत्या. नोंद होती, म्हणून भेगांचे कारण समजून घेता आले आणि धरणाला मागून टेकू देऊन ते मजबूत करण्यात आले. कोयनेची ती नोंद आजही जगभरच्या धरण अभियंत्यांच्या अभ्यासात असते.

दुसरे उदाहरण सिंधुदुर्गातून रोज जाते. कोकण रेल्वेने पानवलचा उंच पूल, गोव्यातील मांडवी आणि झुआरी आणि कर्नाटकातील शरावती या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे बसवली आहेत. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी नद्यांच्या पुलांवर पुराची पातळी सांगणारी यंत्रणा आहे. ही यंत्रे पुलाचे आतले आरोग्य मोजत नाहीत, त्यावर येणारे संकट मोजतात. तरी त्यांतून शिकण्यासारखी गोष्ट आहे. आकडा ज्या नियंत्रण व्यवस्थेकडे जातो, तिलाच गाडी सावकाश नेण्याचा किंवा थांबवण्याचा अधिकार असतो. पत्र लिहून उत्तराची वाट पाहावी लागत नाही. राजकोटवर नेमका हाच दुवा नव्हता.

मग ऑडिट होऊनही दुर्घटना का होतात?

कारण तपासणी, निर्णय आणि कृती ही तीन कामे तीन वेगवेगळ्या टेबलांवर असतात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी कोसळला. त्याआधीच्या ऑडिटमध्ये तो किरकोळ दुरुस्तीच्या यादीत होता. म्हणजे तपासणी झाली, पण निदान चुकले.

पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी पडला आणि चार जणांचा जीव गेला. तो पूल धोकादायक असल्याचे आधीच जाहीर झाले होते, फलकही लावला होता. निदान बरोबर होते. तरीही रविवारच्या गर्दीला पुलावर जाण्यापासून कुणी अडवले नाही.

गोव्यात पणजीचा मांडवीवरचा पहिला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा त्याला दोन दशकेही झाली नव्हती. काँक्रीटच्या आत ताणून बसवलेल्या पोलादी तारांचा गंज हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. तारा आत असल्याने त्या कधी क्षीण झाल्या, हे वरून दिसत नव्हते.

या तीन घटनांत तीन वेगवेगळे दुवे तुटले. एका ठिकाणी लक्षण दिसतच नव्हते, दुसऱ्या ठिकाणी त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला, तिसऱ्या ठिकाणी अर्थ लागूनही रस्ता बंद झाला नाही. राजकोटवर लक्षणाचा एक भाग दिसला, अर्थ अर्धवट लागला आणि कृतीचा अधिकार कुणाकडे, हे स्पष्ट नव्हते. जागेची देखरेख एकाकडे, कामाची मालकी दुसऱ्याकडे, घडवणारा तिसरा आणि निधी देणारा चौथा, अशा रचनेत कागदी घोडे धावत राहतात आणि गंज मात्र कुणाची वाट पाहत नाही.

नवा पुतळा आणि सिंधुदुर्ग किल्ला यांचे काय?

राजकोटवर आता ६० फुटी नवा कांस्य पुतळा उभा आहे. ११ मे २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत त्याचे पूजन झाले. तो शंभर वर्षे टिकेल अशा रीतीने उभारला असून पहिली दहा वर्षे देखभालीची जबाबदारी काम करणाऱ्या संस्थेकडेच राहील, असे तेव्हा सांगण्यात आले. आधीच्या पुतळ्याच्या तुलनेत ही मोठी सुधारणा आहे, कारण जबाबदारी एका जागी आली. त्यानंतर महिनाभरात, जूनच्या पावसात, चबुतऱ्याजवळची जमीन खचल्याच्या बातम्या आल्या. पुतळ्याला धोका नसल्याचे सांगून भराव दुरुस्त करण्यात आला.

भरावाची जमीन पहिल्या पावसाळ्यात बसते, हे अभियंत्यांना नवे नाही. पण लोकांचा विश्वास एकदा उडाला की ‘धोका नाही’ एवढे वाक्य पुरत नाही. चबुतऱ्यावर पातळीच्या खुणा करून दर महिन्याला मोजलेले आकडे जाहीर केले, तर जमीन बसून थांबली की अजून हलते आहे, हे कुणालाही कळेल. आतल्या सांगाड्याची तपासणी कधी झाली, कोणते जोड पाहिले, कोणते बोल्ट बदलले, ही नोंद प्रत्येक पावसाळ्याआधी आणि नंतर व्हायला हवी. दहा वर्षांनी देखभालीचा करार संपेल तेव्हा ही नोंदवही पुढच्याच्या हाती जायला हवी. शंभर वर्षांतली नव्वद वर्षे त्यानंतरची आहेत.

राजकोटसमोर, कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात बांधलेला सिंधुदुर्ग किल्ला साडेतीन शतके लाटा झेलतो आहे. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी स्थापत्य’ म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत तो आहे, विजयदुर्गही आहे. तो टिकला म्हणून त्याला देखरेख नको, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. तटाच्या पायाशी लाटा घासतात, सांध्यांत झाडांची मुळे शिरतात, दगड सुटतात. इथे महागड्या यंत्रांआधी साधी शिस्त पुरते. तटाचे तेच भाग, त्याच जागेवरून, दर वर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर छायाचित्रित करून शेजारी ठेवले, तरी कोणता दगड सरकला ते दिसते. ड्रोनने हे काम समुद्राच्या बाजूनेही होते. जुलै २०२५ मध्ये अवकाशात गेलेला भारत-अमेरिकेचा ‘निसार’ उपग्रह दर बारा दिवसांनी त्याच जमिनीवर रडारची नजर टाकतो आणि जमिनीच्या अतिशय सूक्ष्म हालचाली टिपू शकतो. किनाऱ्यावरची कोणती जमीन खचते आहे, हे हेरायला त्याची मदत होईल. पण दगडाचा सांधा पाहायला माणूसच जावा लागेल.

सर्वसामान्य घरमालकाने काय पाहावे?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हायला हवे. मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यात मात्र बरीच बांधकामे स्वतंत्र घरांची आहेत. चिऱ्याच्या भिंती आणि वर स्लॅब, अशी ती घरे. पर्यटन वाढले तशी काही ठिकाणी जुन्या घरावर आणखी एक खोली, वर पाण्याची टाकी, अशी भर पडत गेली. या घरांना ऑडिट करा म्हणून सांगायला कुणी येत नाही. त्यामुळे पहिली नजर मालकाचीच.

काही लक्षणे साधी असतात. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतील, तर बहुधा तो फक्त गिलाव्याचा दोष असतो. पण स्लॅबच्या, तुळईच्या किंवा खांबाच्या लांबीत, सळईच्या रेषेत जाणारी सरळ भेग गंजाची असू शकते. भेगेतून तांबूस डाग ओघळत असेल तर शंका पक्की धरावी. स्लॅबखाली काठीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर आवरण सुटले आहे. दार-खिडकी अचानक अडकू लागली, तिच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली, तर पाया खचण्याची शक्यता असते. आणि खांबावरची वाढणारी भेग ही भिंतीवरच्या भेगेपेक्षा नेहमीच गंभीर, कारण भिंत पडली तर खोली जाते, खांब गेला तर मजला जातो.

भेग ‘जुनी आहे’ असे म्हणून सोडू नये. ती हलते आहे का, हे पाहावे. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोके घट्ट चिकटवली आणि काही महिन्यांत काच तडकली, तर भेग जिवंत आहे. भेगेशेजारी पट्टी धरून मोबाइलवर फोटो काढावा, भिंतीवर तारीख लिहावी आणि पावसाळ्याआधी व नंतर तोच फोटो पुन्हा काढावा. भारतीय मानकानुसार काँक्रीटमधील भेगेची रुंदी एरवी ०.३ मिलिमीटरच्या आत असावी. किनाऱ्यासारख्या कडक परिसरात ही मर्यादा ०.१ मिलिमीटरवर येते. म्हणजे डोळ्यांना सहज दिसणारी भेगही इथे क्षुल्लक मानता येत नाही.

सर्वात मोठी चूक होते ती दुरुस्तीत. गंजलेली सळई तशीच ठेवून वरून गिलावा आणि रंग लावला की घर वर्षभर नवे दिसते आणि आतला गंज तसाच चालू राहतो. सुटलेले काँक्रीट काढणे, सळई साफ करणे, फार झिजली असेल तर जोड देणे, गंजरोधक लेप लावणे आणि मग योग्य मिश्रणाने पुन्हा भरणे, हा क्रम टाळता येत नाही. स्लॅब झोळ देत असेल, खांब चिरत असेल किंवा कडकड आवाज येत असेल, तर फोटो आणि पट्टीच्या भानगडीत न पडता घर रिकामे करून अभियंत्याला बोलवावे.

पुढे काय व्हायला हवे?

बैल गेल्यावर झोपा करण्यात आपण तरबेज आहोत. मोठी दुर्घटना झाली की राज्यभरच्या पुलांचे ऑडिट जाहीर होते, अहवाल येतात आणि पुढच्या दुर्घटनेपर्यंत कपाटात राहतात. मालवणच्या घटनेतून शिकायचे असेल, तर किनाऱ्यावरच्या प्रत्येक सार्वजनिक बांधकामासाठी चार गोष्टी ठरवाव्या लागतील आणि त्यांतल्या तीन फुकटात होण्यासारख्या आहेत.

पहिली, प्रत्येक पूल, जेट्टी, पुतळा, शाळा आणि दवाखान्याच्या इमारतीवर देखभालीची जबाबदारी कोणत्या एका पदाची, हे लिहिलेले असावे. दुसरी, मर्यादा आधीच ठरवाव्यात. किती कलले, किती खचले, कोणत्या जोडाला गंज दिसला की आवार बंद करायचे, हे शांत डोक्याने आणि आधी ठरवले, तर ऐनवेळी कुणाला धाडस करावे लागत नाही. तिसरी, जो मोजतो किंवा पाहतो, त्याला तात्पुरती बंदी घालण्याचा अधिकार असावा. बंदी उठवायला वरच्याची सही लागू दे, पण घालायला लागू नये. चौथी, मोजलेले आकडे लोकांना पाहता यावेत. यासाठी थोडा खर्च येईल. तरी बांधकामाच्या एकूण खर्चाच्या मानाने तो किरकोळच असतो.

उपकरणे स्वस्त होत आहेत आणि आणखी होतील. पण २० ऑगस्टच्या त्या पत्राला कोणतेही नवे यंत्र लागले नव्हते. एका अभियंत्याच्या डोळ्यांना गंज दिसला होता. त्या दिवशी पुतळ्याभोवतीचे आवार बंद करून आत काय झाले आहे, हे तपासण्याचा हुकूम देण्याची सोय असती, तर निदान धोका किती मोठा आहे हे वेळेत कळले असते. ती सोय निर्माण करायला कायद्याचे, नियमांचे आणि इच्छेचे काम आहे. ते पुढच्या पावसाळ्याआधी सुरू व्हायला हवे.